बडोद्याला किती मार्क?

"ताई, बडोदं कसं आहे हो?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता फोनवरच्या पहिल्या 'हॅलो'वरून तो ओळखता येतो. नवऱ्याची रिफायनरीत बदली झालेली असते, नाहीतर बायकोला विद्यापीठात किंवा औषध कंपनीत नोकरी लागलेली असते. भाडं किती, शाळा कोणती, हे कुणी मला विचारत नाही. ते सगळं मोबाइलवर मिळतं. विचारतात ते हे: तिथे नाटकं-गाणी होतात का? लोक कोणत्या विचारांचे आहेत? आपल्यासारख्यांचा जीव रमेल का? आणि प्रश्नामागे महिनाभराची उडालेली झोप असते, म्हणून तो माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतो.

अशाच एका बाई. या लेखापुरतं त्यांना कोथरूडकर बाई म्हणते. लिहायला त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. कॉलेजात शिकवतात, वाचन दांडगं, मतं पक्की. पहिली भेट व्हिडिओवर झाली. नमस्कार-चमत्कार होताच त्यांनी स्क्रीनवर एक एक्सेल उघडलं. पाच शहरं, बावीस रकाने. नाट्यगृहं, ग्रंथालयं, निवडणुकीचे निकाल, दंगलींचा इतिहास, मराठी माणसं. हिरवा रंग म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. बडोदं बरंच लाल होतं.

माझी चूक इथे कबूल करते. मी बडोद्याची, तिसऱ्या पिढीतली, दांडिया बाजारात वाढलेली. गावाला लाल रंग दिलेला बघून मी समुपदेशक राहिलेच नाही. मी सयाजीराव सुरू केले. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९१० ची सेंट्रल लायब्ररी, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं, १९५० मध्ये विद्यापीठात सुरू झालेली फाइन आर्ट्स फॅकल्टी आणि तिथे शिकवणारे आपले चित्रकार बेंद्रे. दहा मिनिटं माझी गाडी थांबेना. बाईंनी शांतपणे चार खाने हिरवे केले आणि म्हणाल्या, "बरं. आता २०१४?"

तो खाना सर्वांत गडद लाल होता. त्या वर्षी नरेंद्र मोदी बडोद्यातून ५ लाख ७० हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. बाईंचं राजकारण वेगळं. "इतक्या लोकांत मी श्वास कसा घेऊ?" असं त्या म्हणाल्या, आणि ते नाटकी वाटलं नाही.

मी विचारलं, "पुण्याचा खासदार २०१४ पासून कोणत्या पक्षाचा आहे?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "त्याच."

"तिथे श्वास घेता येतो?"

"तिथे मला माणसं माहीत आहेत."

एवढं बोलून त्यांनी एक्सेल बंद केलं, पण प्रश्न मिटला नव्हता. पुढच्या भेटीला त्या तयारी करून आल्या आणि मला बरोब्बर वर्मावर टोचलं. "तुमच्या सयाजीरावांच्याच बडोद्याने आंबेडकरांना राहायला खोली दिली नाही."

खरंच आहे ते. १९१३ मध्ये याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा पारशी नाव सांगून पारशांच्या पथिकाश्रमात राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांनी घरात घ्यायची असमर्थता दाखवली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत ते कमाटीबागेत बसले. लहानपणी त्याच बागेत आम्ही भेळ खायचो, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

या वेळी मी वकिली केली नाही. "दोन्ही खरं आहे," म्हटलं. "शिष्यवृत्तीही खरी, लाठ्याही खऱ्या. एकच शहर, चार वर्षांचं अंतर. रंग कोणता द्याल?"

बाई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "रंग देताच येत नाही. दार वेगळं आहे. राजवाड्याचं दार उघडं आणि घरमालकाचं बंद."

मला जे सापडायला हवं होतं ते त्यांनी सापडवलं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर वाढलेली. माणसाला अख्खा चांगला किंवा अख्खा वाईट असा शिक्का मारू नका, त्याची एकेक कृती तपासा, हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आले. शहरालाही ते लागू पडतं हे मात्र त्या दिवशीच उमगलं, आणि खरं सांगते, त्या रात्री मी स्वतःवर जरा खूश होते. शहर माझ्या विचारांचं असलंच पाहिजे, हा बाईंचा हट्ट होता. हट्टाला उत्तर नसतं, म्हणून एक्सेल कितीही भरलं तरी झोप येत नव्हती. कोणती दारं मला उघडी लागतात आणि इथे ती उघडतात का, हे मात्र जाऊन बघता येतं.

तेव्हा मी त्यांना चार दिवस बडोद्याला बोलावलं. लक्ष्मीविलास पॅलेस बघायचा नाही, अशी अट. पहिलं काम, दलालाबरोबर भाड्याची घरं बघा आणि खरं काय ते सांगा: मासे खातो, नवरा-बायको वेगवेगळ्या जातीचे आहोत. तो पहिले तीन प्रश्न कोणते विचारतो ते लिहून ठेवा. शहराचा राजकीय स्वभाव कळायला मला मतमोजणीपेक्षा हे जास्त भरवशाचं वाटतं. घरकामाच्या बाईला कोणती लिफ्ट वापरायला देतात तेही बघा. आणि भेटेल त्याला विचारा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा पहिला फोन कुणाला केलात? नगरसेवकाला, नातेवाइकाला, गणेश मंडळातल्या पोरांना, की शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या धर्माच्या माणसाला? संकटात कोण कुणाचा नंबर लावतं, यात गावाचं बरंच राजकारण कळतं.

संस्कृतीचंही तसंच. नवरात्रात बडोदं बघून भुलू नका, त्या नऊ रात्री कुणीही भुलेल. मंगळवारी सकाळी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. काचेच्या फरशीच्या मजल्यांची ती जुनी मांडणी बघाच, पण बाकावर कोण बसलंय तेही बघा. फाइन आर्ट्सच्या आवारात मुलांशी बोला. तिथेच २००७ मध्ये परीक्षेला मांडलेल्या चित्रांवरून विद्यार्थ्याला अटक झाली होती आणि प्रभारी अधिष्ठाते निलंबित झाले होते. हेही बाईंना सांगितलं. माझ्या गावाचं उणं मी झाकलं असतं, तर पुढचं काहीच त्यांनी मानलं नसतं.

सगळ्यांनाच हे जमणारं नाही, हे इथेच सांगायला हवं. एका आंतरधर्मीय जोडप्याला मी 'जाऊन बघा' म्हटलं नाही. त्यांना घर विकत घ्यायचं होतं. गुजरातच्या 'अशांत धारा' या कायद्याखाली अधिसूचित भागात मालमत्तेच्या व्यवहाराआधी कलेक्टरची परवानगी लागते. त्यांना आधी वकिलाकडे पाठवलं. त्यांची भीती विचारांतली गफलत नव्हती. तिला तसं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता.

कोथरूडकर बाई परत आल्या त्या वहीत लिहून. एका सोसायटीने माशांचं नाव काढताच हात जोडले. दुसऱ्या दलालाने आडनाव ऐकून "महाराष्ट्रीयन एटले ब्राह्मण?" विचारलं, म्हणजे महाराष्ट्रीय म्हणजे ब्राह्मण ना? तिसऱ्या घरच्या आजी म्हणाल्या, "तमे खाओ, पण कचरो बरोबर बांधीने नाखजो." तुम्ही खा, पण कचरा नीट बांधून टाका. हे वाक्य बाईंनी वहीत चौकट करून लिहिलं होतं. लायब्ररीत बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षांची होती, याचं त्यांना वाईट वाटलं. मी विचारलं, पुण्यात वर्षभरात किती नाटकं बघितलीत? "दोन," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "त्यातलं एक पासवर."

जायचं ठरलं. पण अकरा महिन्यांच्या करारावर, त्या आजींच्याच घरात, आणि पुण्याचं घर न विकता. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. बावीस रकान्यांचं ते एक्सेल त्यांनी अजून पुसलेलं नाही, म्हणाल्या, पाच-सहा खाने रिकामे ठेवलेत.

शेवटच्या भेटीत त्यांना एकच गोष्ट विचारायची होती: सुरमई कुठे चांगली मिळते? मी माझ्या मासळीवाल्याचा नंबर दिला. सकाळी नऊनंतर तो फोन उचलत नाही, हेही सांगितलं.