समरी टाकली आणि भिवंडी गेली : नेटवर्कवाल्यांचे प्रश्न

मागच्या महिन्यात रूट समरायझेशनवर चार ओळी लिहिल्या होत्या. म्हणजे स्विचकडे शेजारशेजारची आठ-दहा नेटवर्क असतील तर प्रत्येकाचा वेगळा रूट (तिथे जायचा रस्ता) पुढे न सांगता सगळ्यांचा मिळून एकच मोठा रूट, म्हणजे समरी, सांगायची, एवढंच. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, आणि निम्मी तर 'समरी टाकली आणि अमुक बंद पडलं' अशीच आहेत. कमांड इथे देवनागरीत छापतोय, स्विचवर इंग्रजीतच टाका, तो बिचारा मराठी शिकलेला नाही.

प्रश्न : सर, आमचं हेड ऑफिस लोअर परळला आणि दुसरं ऐरोलीला. ऐरोलीत आठ व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क) आहेत, १०.२०.१०.० पासून १०.२०.१७.० पर्यंत, सगळे /२४ (पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कचे, चौथा मशीनचा). ऐरोलीचा लेयर थ्री (रूटिंग करणारा) स्विच ओएसपीएफचा, म्हणजे स्विच एकमेकांना रूट सांगतात त्या प्रोटोकॉलचा, एबीआर (दोन एरियांच्या वेशीवरचा स्विच) आहे, त्याच्या आत एरिया १०, लोअर परळच्या बाजूला एरिया ०. सिनियर म्हणाले आठ नेटवर्क म्हणजे /२१, एक समरी टाकून मोकळा हो. मी कॅल्क्युलेटरमध्ये १०.२०.१०.०/२१ टाकलं तर त्याने १०.२०.८.० दाखवलं, म्हटलं असेल काहीतरी, आणि 'एरिया १० रेंज १०.२०.८.० २५५.२५५.२४८.०' (शेवटचा तो /२१ चाच मास्क) मारून घरी गेलो. सकाळी भिवंडीच्या गोदामातून फोन, बिलं प्रिंट होत नाहीत. भिवंडीला १०.२०.८.० आणि १०.२०.९.० ही नेटवर्क आहेत, ती लोअर परळच्या फायरवॉलवरून व्हीपीएनने जातात, ऐरोलीशी त्यांचा काही संबंधच नाही. समरी काढली की प्रिंट चालू. चूक माझी की सिनियरची?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : सिनियरची जास्त. पण कॅल्क्युलेटर तुम्हाला तोंडावर सांगत होता की हा ब्लॉक ८ पासून सुरू होतो, आणि तुम्ही 'असेल काहीतरी' म्हणालात, तेवढी तुमची.

पिनकोडचं बघा. नागपूरला कोणी दादरचं पत्र टाकलं तर तिथे ४०००२८ मधलं २८ कोणी वाचत बसत नाही, पहिले तीन आकडे ४०० दिसले की मुंबईच्या थैलीत, पुढे दादर की परळ ते मुंबईवाले बघून घेतील. ही झाली समरी. आता मीरा रोड, दहिसरच्या पुढचंच स्टेशन, पण पिनकोड ४०११०७, ४०० च्या थैलीत बसत नाही. उलट ठाणं आणि वाशी मुंबईत नाहीत तरी ४०० मध्येच येतात. म्हणजे जवळ असून उपयोग नाही, आकडा बसायला हवा, आणि आकडा बसला की नको असलेलं गावही थैलीत येतं. भिवंडीचं तेच झालं.

/२१ म्हणजे आठ /२४ चा ब्लॉक, पण तो कुठूनही सुरू होत नाही. तिसरा आकडा ०, ८, १६, २४ असा आठच्या पाढ्यातलाच लागतो. तुमचे १० ते १७ हे मोजायला आठ आहेत पण दोन ब्लॉकमध्ये फाटलेत, १० ते १५ एका ब्लॉकात आणि १६, १७ पुढच्या. म्हणजे तुम्ही टाकलेल्या समरीने ८ ते १५ घेतलं, १६ आणि १७ तसेच बाहेर राहिले (लोअर परळच्या टेबलात बघा, ते दोन अजून वेगळे दिसत असतील), आणि जे तुमचे नाहीतच ते ८ आणि ९ फुकटचे अंगावर घेतले.

आता प्रिंट का बंद पडली. लोअर परळच्या कोअरला (मधल्या मुख्य स्विचला) भिवंडीचा स्पेसिफिक रूट माहीतच नव्हता, डिफॉल्ट रूट होता, काही माहीत नसलं की फायरवॉलकडे ढकल. त्यावर तुमची समरी आली, आणि /२१ हा डिफॉल्टपेक्षा जास्त नेमका रूट, जो मास्क लांब (/ नंतरचा आकडा मोठा) तो जिंकतो, त्यात तडजोड नाही. मग भिवंडीच्या प्रिंटरची पाकिटं निघाली ऐरोलीला. ऐरोलीचा स्विच समरी करताना स्वतःच्या टेबलात त्याच ब्लॉकचा एक रूट नल झिरोकडे टाकून ठेवतो, नल झिरो म्हणजे कचऱ्याची बादली. ८.० त्याच्याकडे नाही, डिफॉल्टपर्यंत गोष्ट जातच नाही, बादलीत. कुठे एरर नाही, लाल दिवा नाही. ही बादली शत्रू नाही बरं का, ती नसती तर ऐरोलीने पाकीट डिफॉल्टने परत लोअर परळला पाठवलं असतं, त्यांनी परत ऐरोलीला, आणि टीटीएल (पाकिटाला मिळालेल्या उड्या) संपेपर्यंत अप-डाऊन लोकल चालली असती. काही जण नेटवर वाचून हा डिसकार्ड रूट बंद करतात, तुम्ही करू नका.

बरोबर उत्तर तीन समऱ्यांचं आहे. १० आणि ११ साठी १०.२०.१०.० ला २५५.२५५.२५४.०, मग १२ ते १५ साठी १०.२०.१२.० ला २५५.२५५.२५२.०, आणि १६-१७ साठी १०.२०.१६.० ला परत २५५.२५५.२५४.०. आठाचे तीन झाले, एक नाही झालं, पण खोटं तरी काही सांगितलं नाही. सिनियरना एकच ओळ हवी असेल तर ऐरोलीचे पत्ते बदलायला लागतील, ते काम त्यांनाच द्या.

आणि एक, असं काही करताना आधी 'रीलोड इन १०' मारून ठेवायची सवय लावा. स्विच हातातून गेला तर दहा मिनिटांनी तो आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो, अर्थात तोपर्यंत सेव्ह केलेलं नसेल तरच. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल', आणि हे विसरलात तर भर कामाच्या वेळेत ऐरोली ऑफिस खाली. मी विसरलोय एकदा, म्हणून सांगतो.

प्रश्न : एरिया रेंज टाकून दोन दिवस झाले, शेजारच्या स्विचवर सगळे /२४ तसेच दिसतात. काही फरक नाही. रीस्टार्ट पण केला.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही कॉन्फिग जोडलंय त्यात सगळंच एरिया ० आहे. एका एरियातल्या सगळ्या स्विचकडे एरियाचा नकाशा अगदी सारखाच असायला लागतो, ओएसपीएफचा पायाच तो, म्हणून एरियाच्या आत समरी होत नाही. ती होते वेशीवर, म्हणजे दोन एरियांत पाय असलेल्या एबीआरवर. तुमच्या स्विचला दुसरा एरियाच नाही तर तो समरी सांगणार कोणाला? स्टॅटिक रूट रीडिस्ट्रिब्यूट करून आत आणले असतील तर ते काम एएसबीआरवर (बाहेरचे रूट ओएसपीएफमध्ये आणणाऱ्या स्विचवर) 'समरी-अ‍ॅड्रेस'ने होतं, ती कमांड वेगळी आहे.

जाता जाता, तुमच्या रेंजच्या ओळीत ०.०.७.२५५ दिसलं. हे वाइल्डकार्ड, म्हणजे उलटा मास्क, ते 'नेटवर्क'च्या ओळीत लागतं, रेंजमध्ये साधा मास्क लागतो. ही गफलत सगळेच करतात.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक बिल्डिंगला दोन डिस्ट्रिब्यूशन स्विच (मजल्यांचे स्विच आणि कोअर यांच्या मधले) आहेत, दोन्ही एबीआर, दोघांवर सेम समरी. ऑडिटवाल्यांनी विचारलं की दोघांमधली लिंक कुठल्या एरियात आहे. त्याने काय फरक पडतो? लिंक तर आहे.
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : ऑडिटवाला कामाचा माणूस दिसतोय, चहा पाजा त्याला.

एका क्लायंटकडे हेच सेटअप होतं, आणि माझ्याच हातचं होतं म्हणून लपवण्यात अर्थ नाही. दोन डिस्ट्रिब्यूशन स्विच, खाली सहा मजले, प्रत्येक मजल्याच्या स्विचची दोघांकडे एकेक अपलिंक, वर कोअरला दोघंही एकच /२१ सांगतायत. दोघांमधली लिंक मी एरिया ० मध्ये टाकली होती, कारण तेव्हा डोक्यात होतं की बॅकबोन आहे तर बॅकबोनमध्येच जाऊ दे. एका रात्री फॉल्स सीलिंगचं काम चालू होतं, कोणाच्या तरी शिडीने चौथ्या मजल्याची पहिल्या स्विचकडची फायबर ओढली गेली. सकाळी चौथ्या मजल्यावर गंमत सुरू. एकाचं मेल चालू, शेजारच्याचं बंद. एकच माणूस एका सर्व्हरला पिंग करतो, जातं, दुसऱ्याला करतो, जात नाही. आधी डेस्कटॉपवाल्यांना धरलं, मग अँटिव्हायरसवाल्यांना, साडेअकरापर्यंत तोच तमाशा.

झालं होतं असं की पहिल्या स्विचकडे चौथ्या मजल्याचा रस्ता उरला नव्हता पण बाकीचे पाच मजले होते, आणि समरीतलं एक जरी नेटवर्क जिवंत असेल तरी समरी जिवंतच राहते. तो कोअरला सांगत राहिला की अख्खी बिल्डिंग माझ्याकडे आहे, पाठवा. कोअरला दोन सारखे रस्ते दिसतायत, तो निम्मं ट्रॅफिक इकडे निम्मं तिकडे वाटतो, आणि कुठलं कुठे जाणार ते सोर्स-डेस्टिनेशनच्या हॅशवर (दोन्ही पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर) ठरतं. इकडे आलेलं निम्मं बादलीत. शेजारच्या स्विचकडे चौथ्या मजल्याची लिंक धडधाकट होती, दोघांमध्ये दोन हात अंतर, पण ती गोष्ट बिल्डिंगच्या एरियातली आणि मधली लिंक एरिया ० मधली, त्या लिंकवरून शेजारी याला फक्त समरीच सांगणार, आणि ती तर याच्याकडे स्वतःचीच आहे.

उपाय सोपा होता, दोघांमध्ये बिल्डिंगच्याच एरियातली लिंक हवी. नवीन केबल लागत नाही, त्याच ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकवर) एक जादा व्हीलॅन काढून दोन्ही बाजूला आयपी देऊन तो बिल्डिंगच्या एरियात टाकला तरी चालतो. मग पहिल्या स्विचला चौथ्या मजल्याचा /२४ शेजाऱ्याकडून दिसतो, तो नल झिरोपेक्षा नेमका असतो, पाकीट एक उडी जास्त मारून पोचतं. टेस्ट करायची तर नुसता स्विच बंद करून बघू नका, अख्खा स्विच गेला की समरी पण जाते आणि सगळं छान दिसतं. एका मजल्याची एकच अपलिंक काढा आणि मग पाच-सहा वेगवेगळ्या मशीनवरून पिंग मारा.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता स्विचमध्ये एवढी मेमरी असते तर समरीची कटकट करायचीच कशाला? परीक्षेपुरतं आहे का हे?
— एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : मेमरी असते गं, पण तू म्हणतेस ती नाही. स्विच ज्या वेगाने पाकिटं पुढे टाकतो त्यासाठी रूट टीकॅम नावाच्या खास चिपमध्ये बसायला लागतात, ती महाग आणि मोजकीच असते, आणि तिची जागा रूट, एसीएल (कोणाला सोडायचं त्याचे नियम), मॅक पत्ते अशी आधीच वाटून दिलेली असते. इंटरनेटवर हे एकदा ढळढळीत दिसलं. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाचं रूटिंग टेबल ५ लाख १२ हजारांच्या पलीकडे गेलं आणि ज्या जुन्या राउटरमध्ये तेवढीच जागा वाटून दिली होती ते ठिकठिकाणी गडबडले. आणि १९९३ मध्ये सीआयडीआर आलं नसतं, म्हणजे वर्गवार ए-बी-सी पत्ते सोडून कुठल्याही लांबीचे मास्क आणि त्यांची समरी, तर ही वेळ फार आधी आली असती.

पण खरं सांगू का, ऑफिसात बसून कोणाला टीकॅम आठवत नाही. ऑफिसातला फायदा शांततेचा. एका मजल्यावरची खराब लिंक दर मिनिटाला वर-खाली होत असेल तर समरी नसताना ती बातमी प्रत्येक स्विचपर्यंत जाते आणि प्रत्येक जण हिशेब परत करतो. समरी असली की ती बिल्डिंगच्या वेशीवर थांबते. परीक्षेला मात्र बायनरी हातानेच काढ, कॅल्क्युलेटरने दाखवलेलं न समजताच पुढे गेलं की काय होतं ते वर अंधेरीवाल्यांचं वाचलंस.

प्रश्न : जुन्या ईआयजीआरपी (सिस्कोचा रूट सांगायचा प्रोटोकॉल) सेटअपमध्ये 'नो ऑटो-समरी' का लिहिलेलं असतं, काढलं तर चालेल?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : राहू द्या. जुन्या सिस्को आयओएसमध्ये ऑटो-समरी बाय डिफॉल्ट चालू असायची आणि ए-बी-सी वर्गाच्या वेशीवर १७२.१६.४.० चं सरळ १७२.१६.०.०/१६ करून टाकायची. त्याच /१६ चे तुकडे दोन शाखांत असले की दोघीही 'सगळं माझंच' म्हणायच्या. १५.० पासून ती डिफॉल्ट बंद आहे, पण ती ओळ असल्याने काही बिघडत नाही आणि कपाटात जुना स्विच स्पेअर म्हणून पडलेला असतोच.

प्रश्न : बीकेसीत नवीन ऑफिस होतंय, पाच मजले, प्रत्येक मजल्यावर आठ व्हीलॅन. पत्ते अजून वाटायचे आहेत. मॅनेजर म्हणतात १०.३०.१.० पासून ओळीने ४० देऊन टाक.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : ओळीने दिलेत की दुसऱ्या वर्षी तुमचं पत्र इथे अंधेरीवाल्यांच्या शेजारी छापायला लागेल. मॅनेजरना सांगा की पत्त्यांचे पैसे पडत नाहीत, सढळ हाताने वाटू. अख्ख्या बिल्डिंगला १०.३०.०.०/१८ द्या, म्हणजे तिसरा आकडा ० ते ६३, चौसष्ट नेटवर्क. कोअरला बिल्डिंगची ही एकच ओळ जाईल. आत प्रत्येक मजल्याला एक /२१, पहिला मजला ० पासून, दुसरा ८ पासून, मग १६, २४ आणि पाचवा ३२ पासून. मजल्यावरचा क्रम पण सगळीकडे सारखा ठेवा, म्हणजे पहिला व्हीलॅन डेटा, दुसरा फोन, तिसरा सीसीटीव्ही असं, मग रात्री दोन वाजता लॉगमध्ये १०.३०.२६.४० दिसलं की झोपेतही कळतं चौथा मजला, कॅमेरा. यात ४०, ४८ आणि ५६ असे तीन ब्लॉक रिकामे उरतात, ते कोणी 'तात्पुरते' मागितले तरी देऊ नका, अ‍ॅडमिनवाले सहावा मजला घेणारच आहेत.