शील्डिंगला ‘कवच’ म्हणावं का, आणि अ‍ॅपर्चरला काय?

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका अभियंत्याने विचारलंय: कंट्रोलरच्या धातूच्या पेटीचं सिम्युलेशन (संगणकावरची चाचणी) केलं आहे, अहवाल मराठीत द्यायचा आहे. ‘शील्डिंग इफेक्टिव्हनेस’ला, म्हणजे पेटी विद्युतचुंबकीय लहरी किती अडवते त्याला, ‘कवचक्षमता’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘अ‍ॅपर्चर’ला, म्हणजे लहर जिथून जाते त्या उघड्या जागेला, ‘छिद्र’ की ‘गवाक्ष’?

‘कवचक्षमता’ चालणार नाही. कवच म्हटलं की जाडी डोक्यात येते, आणि लगेच ‘१ मिमीऐवजी २ मिमी पत्रा घेऊया’ सुरू होतं. १ गिगाहर्ट्झला अ‍ॅल्युमिनियमची स्किन डेप्थ (लहर धातूत साधारण जेवढी शिरते ती खोली) जेमतेम २.६ मायक्रॉन. लहर तेवढी आत शिरली की साधारण ८.७ डेसिबलने घटते. १ मिमी पत्र्यात ही खोली पावणेचारशेहून जास्त वेळा बसते. म्हणजे हिशेब तीन हजार डेसिबलच्या वर जातो आणि पत्र्याचा विषय तिथेच संपतो. लहर येते ती झाकणाच्या फटीतून, पंख्याच्या जाळीतून, केबलच्या भोकातून.

‘क्षमता’ही चूक. क्षमता वस्तूच्या अंगी असते, आणि इथे मोजतो ते गुणोत्तर: एकाच बिंदूवर पेटी नसताना किती विद्युतचुंबकीय क्षेत्र (फील्ड), पेटी ठेवल्यावर किती, त्याचा २० लॉग. बिंदू हलवला, लहरीची दिशा बदलली, की आकडा बदलतो. ३०० × ३०० × १२० मिमीची रिकामी पेटी घ्या, एका बाजूला १०० × ५ मिमीची फट ठेवा. पेटीचा पहिला रेझोनन्स (पेटी स्वतःच घुमू लागते ती वारंवारता) ७०७ मेगाहर्ट्झला येतो, आणि त्याच्या आसपास उत्तर उणे निघतं: आतलं क्षेत्र बाहेरच्यापेक्षा मोठं. उणे क्षमतेचं कवच कोणी अंगावर घालेल का? हिंदीतून आलेलं ‘परिरक्षण’ सुचवणाऱ्यांनी सरकारी मराठी वाचावी. तिथे परिरक्षण रस्त्यांचं आणि इमारतींचं होतं, म्हणजे देखभाल. ‘शील्डिंगची परिणामकारकता’ लिहा आणि पुढे चला, कारण खरी मजा अ‍ॅपर्चरमध्ये आहे.

‘छिद्र’ नको. छिद्र म्हटलं की बारीक, गोल भोक दिसतं आणि मन क्षेत्रफळ मोजू लागतं. मोजायची असते सगळ्यात लांब बाजू. ढोबळ सूत्र आहे २० लॉग (तरंगलांबी भागिले लांबीची दुप्पट). १ गिगाहर्ट्झला १५ मिमीची फट २० डेसिबल देते, १५० मिमीची शून्य. रुंदीचा त्यात फारसा संबंध नाही. दोन स्क्रूंमध्ये १५० मिमी अंतर आणि मध्ये कागद जाईल एवढीच सांद, तरी हीच गत.

‘गवाक्ष’वाले पंडित इथे पाणिनी घेऊन येतात. ‘अक्ष्णोऽदर्शनात्’ हे सूत्र मलाही फार आवडतं: अक्षि शब्दाचा अर्थ पाहण्याचं इंद्रिय असा नसेल तेव्हा समासाच्या शेवटी त्याचं ‘अक्ष’ होतं, आणि त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे गवाक्ष. न पाहणारा डोळा! पण डोळाच तो. इंग्रजी ‘विंडो’ही जुन्या नॉर्स भाषेत वाऱ्याचा डोळा. डोळ्यातून कोणी ये-जा करत नाही.

आपल्याकडे गोव्यात घराघरांत याहून नेमका शब्द आहे: जनेल. तो पोर्तुगीज ‘जनेला’वरून आला, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘यानुआ’ म्हणजे दार. जनेल म्हणजे मुळात छोटं दार! दोन तोंडांचा रोमन देव यानुस याच कुळातला, आणि आपला जानेवारीही. दोन्हीकडे तोंड हेच तर अ‍ॅपर्चरचं लक्षण: ज्या फटीतून बाहेरची लहर आत शिरते, त्याच फटीतून आतल्या सर्किटचा उपद्रव बाहेर पडतो. जुन्या घरांतली शिंपल्यांची जनेलं आठवा. लाकडी चौकटीत अर्धपारदर्शक शिंपल्याचे पातळ चौकोन बसवलेले. उजेड आत येतो, पाऊस बाहेर राहतो. कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही हे ठरवणारं दार. पंख्यापुढची हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी) जाळी हेच करते: हवा सोडते, लहर अडवते. ६ मिमी व्यासाची आणि १८ मिमी खोल नळी कटऑफच्या (ज्या वारंवारतेखाली नळी लहर पुढे जाऊ देत नाही तिच्या) बऱ्याच खाली सुमारे ९६ डेसिबल देते (३२ गुणिले खोली भागिले व्यास). हे भोक नुसत्या पत्र्यात असतं तर तेवढं मिळालं नसतं.

हा शब्द डोक्यात असला की मॉडेलही बरं होतं. कॅडमध्ये झाकण आणि पेटी टेकलेली काढली की सॉफ्टवेअर दोन्ही धातू एकजीव धरतं. सांद नाहीशी होते आणि पडद्यावर १५० डेसिबल येतात. तो निव्वळ गणिताचा गोंगाट असतो. प्रत्यक्षात मध्ये पावडर कोटिंग असतं, ते विद्युतरोधक, आणि धातू फक्त स्क्रूपाशी भेटतो. म्हणून सांद हाताने काढा, स्क्रूच्या जागी तेवढा संपर्क ठेवा. पत्र्याच्या जाडीत मेश (हिशेबासाठी पाडलेल्या बारीक पेशी) घालू नका, लॉसी मेटल (धातूचा फक्त पृष्ठभागापुरता हिशेब करणारा पर्याय) द्या. ती मेश फटीच्या रुंदीत घाला, निदान तीन-चार पेशी. बाहेर ओपन बाउंडरी (लहर परत न फिरवणारी सीमा), प्लेन वेव्ह (सपाट लहर) दोन्ही पोलरायझेशनने (उभ्या आणि आडव्या कंपनाने), आत एक नव्हे पाच-सहा प्रोब (क्षेत्र मोजायचे बिंदू). टाइम डोमेनमध्ये (क्षणाक्षणाचा हिशेब करताना) रिकामी पेटी घंटेसारखी घुमत राहते. ऊर्जा पुरेशी विरण्याआधी रन थांबवला की आलेखावर खोट्या लाटा दिसतात. आत सर्किट बोर्ड ठेवला की रेझोनन्सची शिखरं खाली बसतात, म्हणून रिकामी आणि भरलेली, दोन्ही चालवा. आपल्या खाऱ्या हवेत गॅस्केट (सांदेत बसवायची वाहक पट्टी) आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरतो आणि संपर्काचा रोध वाढतो; एक रन गॅस्केट निकामी धरूनही हवा.

मोजणीशी ताडून पाहायचं तर आयईईई २९९ (शील्डिंग मोजण्याचं मानक) पेटीला लागत नाही, ते २ मीटर आणि त्यावरच्या खोल्यांसाठी. पेटीसाठी २९९.१ बघा. आणि अहवालात सांद असेल तिथे ‘फट’ लिहा, मुद्दाम ठेवलेली वाट असेल तिथे ‘जनेल’. वेर्ण्यात तरी त्याचा अर्थ कोणी विचारणार नाही.