आधी उतरायला शीक

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘सर, मुंबईला बास्केटबॉलच्या ट्रायलला बोलावलंय. बारावी पुढच्या वर्षी दिली तर चालेल ना?’ फोन केला असता तर ओरडलो असतो, म्हणून लिहितोय. ट्रायलला जा. बारावीचा फॉर्म निघाला की तोही भर. ह्यात ‘किंवा’ नाही. आता बाकीचं निवांत वाच.

आधी रिंगचं सांगतो. परवा पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा टेप घेऊन कोर्टवर गेलो होतो. जमिनीपासून रिंग ३.०५ मीटर हवी. आपली सहा-सात सेंटिमीटर कमी भरली! रिंग खाली आलेली नाही, कोर्ट वर आलंय. दोन वर्षांपूर्वी शेवाळ निघेना म्हणून वरून काँक्रीटचा थर टाकला, तेव्हा खांब उचलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. म्हणजे दोन वर्षं तुझा हात खोट्या उंचीला सरावलाय. मुंबईत तुझे पहिले चार-पाच फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येतील. तेव्हा ‘आज हात चालत नाही’ असं म्हणत मनगटाशी खेळत बसू नकोस. गुडघ्यातून थोडं जास्त उचल, बस. आणि निवड करणाऱ्यांसमोर उभं राहण्याआधी, वॉर्मअपलाच हे निस्तरून टाक. चूक माझी आहे, माप मी आधीच घ्यायला हवं होतं.

ट्रायलला तुझ्यासारख्या, तुझ्याहून उंच पोरी ढिगाने असतील. तिथे तुझा बॉल किती वेळा आत गेला हे मोजणारे असतातच, पण जे खरोखर निवडतात ते दुसरीकडे बघत असतात. शॉट चुकला की तू किती सेकंद तोंड पाडून उभी राहतेस? मागे धावताना तोंडाने बोलतेस का, ‘डावीकडे स्क्रीन’, म्हणजे तिकडे वाट अडवायला कोणी उभी आहे, असं ओरडतेस का? बेंचवर बसवलं की टॉवेल डोक्यावर घेतेस की खेळ बघतेस? तुझं बोलणं मैदानावर बंद होतं, हे मी तुला तीन वर्षं सांगतोय. मासळीच्या लिलावाला आईबरोबर उभी राहतेस तेव्हा हर्णै बंदरभर आवाज जातो. तोच आवाज हवाय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

उडी मारायला सगळे शिकवतात. उतरायला कोणी शिकवत नाही. मला कोणी शिकवलं नव्हतं. एका खात्याच्या संघाकडून खेळत होतो. स्पर्धेआधी आठ दिवस उजवा गुडघा सुजलेला, आणि मी तो लपवला. पँटच्या आतून पट्टी बांधायचो, कोणी विचारलं तर ‘डास चावला’ म्हणायचो. (अठ्ठावीस वर्षांचा घोडा, आणि हे उत्तर.) तिसऱ्या सामन्यात रिबाउंड, म्हणजे रिंगला आपटून परत आलेला बॉल, उडी मारून घेतला, दोन्ही हातांत बॉल घट्ट, आणि एका पायावर उतरलो. गुडघा आत वळला. ‘टक्’ असा आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा. कोणी धक्का दिला नव्हता. जवळ कोणी नव्हतंच.

लिगामेंट तुटलं, गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले. मी सहाव्या महिन्यात मैदानावर उतरलो, कारण संघातून ‘कधी येतोस’ असे फोन येत होते. आतली गादी फाटली. त्यानंतर फोन यायचे बंद झाले. त्यांचं फार चुकलं असंही आता वाटत नाही. त्यांना चालणारा गुडघा हवा होता आणि माझ्याकडे तो नव्हता.

मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि बहुतेक वेळा अशीच, कोणी हात न लावता. म्हणून पावसाळ्यात मंगल कार्यालयात तुम्हाला मी काय करायला लावतो ते आठव. चातुर्मासात लग्नं नाहीत, हॉल रिकामा. मालकांची अट एकच, पंख्याला बॉल लागता कामा नये. म्हणजे शूटिंग बंद. मग उरलं काय? खुर्चीवरून खाली उडी, दोन पायांवर, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज न करता. तुम्ही सगळ्या कंटाळून माझ्या नावाने बोटं मोडता ते मला माहीत आहे. ज्या दिवशी तुझ्या उतरण्याचा आवाज मला दारातून ऐकू आला नाही, त्या दिवशी मी मनात म्हटलं, ही पोर आता बाहेर पाठवायला हरकत नाही. तुझा थ्री पॉइंटर बघून नाही म्हटलं.

आता नोकरीचं. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरायचा जुना आणि भरवशाचा रस्ता म्हणजे खेळाडू म्हणून नोकरी. लीग येतात, गाजावाजा होतो, काही टिकतात, काही दोन मोसमांत गुंडाळतात. लीगचे पैसे मिळाले तर घे, त्यावर घराचा हप्ता बांधू नकोस. मुलींसाठी रेल्वे हे मोठं दार आहे, वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत तिचा संघ वर्षानुवर्षं दबदबा राखून आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कप्तान झाली, तेव्हा ‘मराठी पोरींना हा खेळ परका’ असं कोणी म्हटलं तर हसून सोडून दे. पण नोकरीत चिकटलीस की खेळ संपल्यावर त्याच खुर्चीत अजून वीस-पंचवीस वर्षं काढायची असतात. तिथे बढतीला शिक्षण विचारतात. रिबाउंड किती घेतले ते कोणी विचारत नाही. माझ्याबरोबरचे दोघे अजून त्याच टेबलावर आहेत जिथे रुजू झाले होते. चांगले खेळाडू होते, माझ्याहून चांगले.

अमेरिकेचं तू विचारलं होतंस. मोठं स्वप्न बघायला मी नाही म्हणणार नाही, फक्त आकडे बघून बघ. २०२४ साली त्यांच्या महिलांच्या लीगमध्ये १२ संघ होते, एका संघात जास्तीत जास्त १२ जणी. सगळ्या जगातल्या पोरींसाठी १४४ जागा. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडू निवडून घेतात त्यात, पहिली निवडली गेलेली केटलिन क्लार्क, तिच्या सामन्यांना स्टेडियमं भरत होती, आणि तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता साधारण ७६ हजार डॉलर. त्याच लीगमधली ब्रिटनी ग्रायनर २०२२ साली रशियात विमानतळावर पकडली गेली आणि दहा महिने अडकली. ती तिथे का जायची? मोकळ्या मोसमात खेळायला, कारण तिकडे घरच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळायचे. म्हणजे जगातल्या सर्वांत वरच्या खेळाडूसुद्धा वर्षाचे बारा महिने बॅग भरून असायच्या. आणि आपला सतनाम सिंग. पंजाबातल्या खेड्यातून निघून २०१५ साली एनबीए म्हणजे तिथल्या पुरुषांच्या लीगमधल्या डॅलसच्या संघाने ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर घेतला, पेपरात पानभर फोटो. एनबीएच्या मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याला मी अपयश म्हणत नाही. निवड झाली म्हणजे काय झालं, एवढंच तुला कळावं म्हणून सांगितलं.

एक गोष्ट तुला तुझ्या घरातूनच कळायला हवी. सध्या १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी आहे. तुझे बाबा घरी बसलेत का? होडी वर ओढलीय, भेगा भरतायत, इंजिन खोललंय, जाळी विणायला बसलेत. नारळी पौर्णिमेनंतर जी होडी नीट चालते ती ह्या ६१ दिवसांत नीट झालेली असते. खेळाडूचा मोकळा मोसम असाच काढायचा. झोप पुरी. पायाचे स्नायू. घोट्याचा तोल. जेवणात भाताबरोबर मासे असतातच तुमच्याकडे, ते कमी करून ‘ताकदीची पावडर’ आणायची नाही. डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे ह्यात फरक असू शकतो, आणि उत्तेजकांच्या चाचणीत सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. सर्दीची गोळीसुद्धा संघाच्या डॉक्टरांना विचारून. काकूंचा काढा पीत असलीस तर तोही सांग.

बाबांशी मी बोललो. ते तुला अडवत नाहीयेत. त्यांना भीती वाटते ती मुंबईत राहायचं कुठे आणि परत कधी येणार ह्याची. तू ‘बाबांना खेळ कळत नाही’ म्हणालीस, ते मला आवडलं नाही. आपल्या रिंगला पाच वर्षं जाळं कोण बांधतं? बाजारातली जाळी खारट वाऱ्यात सहा महिन्यांत गळून पडायची. त्यांनी नायलॉनचं, त्यांच्या स्वतःच्या गाठीचं बांधलं, तेव्हापासून स्वच्छ शॉट आत गेला की सुळसुळ आवाज येतो. रात्री किती वेळ तू तो आवाज ऐकत बसायचीस ते त्यांनीच मला सांगितलंय.

शनिवारी सकाळी खेडला स्टेशनवर मी असेन, बाबाही येणार आहेत. आधार कार्ड, जन्माचा दाखला, शाळेचं ओळखपत्र, शिबिरांची प्रमाणपत्रं, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाऊस आहे. मोजे तीन जोड्या. नवीन बूट घालून खेळायचं नाही, जुनेच. गाडीत वाचायला बारावीचं एक पुस्तक. कुठलं ते तू ठरव, पण बॅग मी उघडून बघणार.

आणि बाबांना सांग, येताना जाळ्याचा एक तुकडा आणा. खांब उचलून घ्यायला गवंडी सोमवारी येतोय, रिंग काढलीच आहे तर जाळंही नवीन बांधून टाकू.

तुझा,
सर