'मॅडोना इन अ फर कोट'मधल्या राइफ एफेंदीने घरासाठी प्रेमाचा त्याग केला, असं म्हणता येईल का?

नाही. आणि 'त्याग' या शब्दाची मला चीड आहे.

तुर्की लेखक साबाहात्तिन अलींची ही 1943 सालची कादंबरी मी हॉस्पिटलात वाचली, आत्याच्या उशाशी बसून. आत्याने लग्न केलं नाही. तिच्या पगारावर आम्हा चार भावंडांची शिक्षणं झाली. डॉक्टरांनी विचारलं, बीपीची कुठली गोळी चालू आहे? घरात नऊ माणसं, एकालाही सांगता येईना. शेवटी मी तिची पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट मिळालं आणि रबर लावून ठेवलेल्या चिठ्ठ्याही. दूध दोन पिशव्या. बाबांचा चष्मा. धाकट्याची फी. दर चिठ्ठीवर वेगळं अक्षर, तिचं स्वतःचं एकीवरही नाही.

त्याच रात्री राइफच्या आजारपणाची पानं आली. अंकाऱ्यात त्याच्या तुटपुंज्या पगारावर बायको, मुली, मेहुणे असं सगळं खटलं चालतं, आणि त्याच्या दुखण्याचं कुणाला काही नाही. मला पुढे वाचवेना.

माझा मोठा भाऊ अजून म्हणतो, "आत्याला आपल्यासाठी करायची हौसच होती." अरे, तिला विचारलं होतंस कधी?

बरं, राइफ. वडील त्याला साबणाचा धंदा शिकायला बर्लिनला धाडतात, तिथे मारिया पुडर ही चित्रकार भेटते, तो तिच्या प्रेमात पडतो. वडील गेल्याची तार येते, तो तुर्कस्तानात आपल्या गावी, हावरानला परततो. इथवर ते कर्तव्यच. पण मारियाची पत्रं थांबल्यावर तो शोध घ्यायला स्वतः जात नाही. तिने आपल्याला सोडलं असं धरून बसतो. ती बाळंतपणानंतर वारली, हे त्याला कळायला दहा वर्षं जातात. संसार त्याने मधल्या काळात मांडला, म्हणजे घरासाठी प्रेम सोडलं हा हिशोबच बसत नाही.

एक मान्य करते, राइफ लहानपणापासूनच बुजरा आहे. आत्या तशी नाही, दोघांना एकाच मापाने मोजणं पूर्ण बरोबर नव्हे.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्या गोळ्यांची नावं आजच लिहून घ्या. आणि दादा, तू हे वाचत असशील तर, आत्या आता माझ्याकडेच राहणार. मी तिला विचारलं, ती हो म्हणाली.