दुरुस्तीचं टेबल : आधी आवाज वाचवा, मग बॅटरी

मागच्या अंकात जुन्या डिजिटल सिंथेसायझरवर चार ओळी काय लिहिल्या, टेबलावर पत्रांचा ढीगच पडला. आपल्या भागात ही यंत्रं इतक्या घरांत झोपून आहेत याचा मलाही अंदाज नव्हता. आली कुठून म्हणाल, तर बरीचशी चोर्ला घाट चढून. गोव्यातल्या बँडवाल्यांनी नवीन घेतलं की जुनं बेळगावच्या ऑर्केस्ट्रावाल्याला विकायचं, त्याचं मन भरलं की ते निपाणी-संकेश्वरकडे जायचं. काही दुबईहून भावानं, मेव्हण्यानं आणलेली. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमायचं नाही. ज्यात चार जणांचं काम होईल अशी घेतली आहेत.

प्रश्न : वडील ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ते गेल्याला सहा वर्षं झाली. त्यांचा यामाहा डीएक्स सेव्हन माळ्यावर होता, परवा लावला तर चक्क वाजला. गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला म्हणतो, ‘आतला सेल लै जुना हाय, पन्नास रुपयांत बदलून देतो.’ देऊ का? (निपाणी)

देऊ नका. सेल बदलायचाच आहे, पण आज नाही.

डीएक्स सेव्हन १९८३ सालचा. त्यात कुठलाही आवाज रेकॉर्ड करून ठेवलेला नसतो. एका लहरीनं दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या हलवायची आणि त्यातून नवा आवाज काढायचा, ही त्याची रीत. जॉन चाउनिंग नावाच्या संगीतकाराला स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ साली ती सापडली आणि पुढं यामाहानं तिचे हक्क घेतले. मशीनमध्ये असे सहा ‘ऑपरेटर’ असतात, ते एकमेकांना जोडायच्या ३२ तऱ्हा असतात, आणि एक आवाज म्हणजे फक्त १२८ बाइटांची आकडेमोड. असे ३२ आवाज आतल्या मेमरीत बसतात. ही मेमरी वीज गेली की विसरणारी. तिला जागं ठेवतो तो ३ व्होल्टचा, बटणाएवढा सेल. सेल काढला की ३२च्या ३२ आवाज गेले.

कंपनीचे मूळ आवाज गेले तर रडू नका, ते आज कुठंही मिळतात. पण ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस कंपनीचे आवाज तसेच ठेवत नसतो. एक सांगतो. १९९१ची गोष्ट, मी नवा होतो. मडगावच्या एका बँडचा डीएक्स सेव्हन माझ्याकडं आला, तक्रार एवढीच की दोन बटणं दाबली जात नाहीत. बटणं केली आणि वर शहाणपणा म्हणून सेलही बदलला. न सांगता. मालकानं येऊन मशीन लावलं, एकेक नंबर दाबत गेला, सगळीकडं कचरा. माणूस ओरडला नाही. खाली बसला आणि म्हणाला, ‘अकरा नंबराचेर म्हजें क्लॅरिनेट आशिल्लें.’ ते क्लॅरिनेट त्यानं चार महिने बसून केलं होतं. मी पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होणार?

तर तुम्ही असं करा. मशीन चालू करून ‘फंक्शन’ दाबा आणि एक ते बत्तीस आवाजांची नावं आधी वहीत उतरवून घ्या, नंबरासकट. छे, चुकलो. नावं बघायला ‘फंक्शन’ नको, ‘इंटर्नल’ दाबा. ‘फंक्शन’ पुढच्या पायरीला लागतं. नावाला दहाच अक्षरं मिळतात, तीही रोमन लिपीत. मागच्या वर्षी शहापूरच्या एका मशीनवर मी ‘PETI KALI2’ (पेटी काळी २) असं वाचलं, मधल्या जागेसकट बरोबर दहा अक्षरं. वाजवून बघितलं तर खरंच पेटी, भाता थोडा फुटका असल्यासारखी. कंपनीनं काही ती दिली नव्हती.

नावं झाली की सिंथेसायझर संगणकाला जोडणारी एक यूएसबी मिडी केबल घ्या. फार स्वस्तातली नको, त्या सूर बरोबर पाठवतात पण मोठा डेटा अर्धवट गिळतात. संगणकावर ‘सिसेक्स’, म्हणजे मशीनच्या मेमरीतला डेटा, उतरवून घेणारा एखादा फुकटचा प्रोग्रॅम लावा. मग ‘फंक्शन’ दाबून आठ नंबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत जा. ‘सिस इन्फो’ आलं की ते ‘अव्हेल’ (म्हणजे चालू) करा, आणखी एकदा दाबलं की मशीन ‘मिडी ट्रान्समिट?’ असं विचारेल. ‘येस’ दाबा. सेकंद-दीड सेकंदात काम होतं. आलेल्या फाइलची साइज बघा. ४,१०४ बाइट असेल तर सगळं आलं, एक बाइट इकडंतिकडं असेल तर पुन्हा पाठवा. नंतर ‘डेक्स्ड’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो संगणकावर हुबेहूब डीएक्स सेव्हनसारखा वाजतो. फाइल त्यात उघडा आणि वहीतली नावं पडताळा. दोन पेन ड्राइव्हवर ठेवा, एक बहिणीकडं द्या.

आता सेल. तो आत टाके मारून बसवलेला असतो. तुमचा मोबाइलवाला नवीन सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवणार असेल तर मशीन उचला आणि घरी या, गरम झालेला लिथियम सेल फुटतो. प्लगच सॉकेटमधून काढून ठेवायला सांगा. जुना सेल काढून त्या जागी होल्डर बसवायचा, प्लस-मायनस दोनदा बघायचं आणि त्यात नवा सीआर २०३२ सरकवायचा. काहीजण मशीन चालू ठेवून सेल बदलतात, म्हणजे मेमरी जात नाही म्हणे. मी तसं करत नाही. फाइल हातात असताना चालू बोर्डावर लोखंड फिरवायची हौस कशाला?

सेल बसल्यावर मशीन लावलं की नावांच्या जागी कचरा दिसेल. घाबरू नका. इंटर्नल मेमरीचं ‘प्रोटेक्ट’ बंद करा, ‘सिस इन्फो’ ‘अव्हेल’ आहे ना ते बघा आणि तीच फाइल संगणकावरून परत पाठवा. वडिलांचे आवाज जागच्या जागी येतील. वहीतलं एखादं नाव मजेशीर असलं तर मला कळवा.

प्रश्न : एन्सोनिक मिराज सिंथेसायझर मिळाला. लावला की फ्लॉपी मागतो, घातली की घरघर करतो आणि पुढं काही नाही. एकही पट्टी वाजीना. बोर्ड गेला का? (खानापूर)

बोर्डावर इतक्यात आळ घेऊ नका. मिराज स्वतःच्या पोटात काहीच धरत नाही. आवाज तर सोडाच, आपण कोण आहोत आणि काय करायचं हेसुद्धा तो दर वेळी फ्लॉपीवरून वाचतो. फ्लॉपी वाचली नाही की तो ठोकळा.

आणि खानापूरच्या पावसात फ्लॉपीचं काय होतं ते तुम्ही जाणताच. पत्र्याची खिडकी सरकवून आतली तबकडी उजेडात तिरकी धरा. पांढरट ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी फ्लॉपी पुन्हा ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि मग तो हेड पुढची चांगली फ्लॉपीही खरवडतो. म्हणून आधी ड्राइव्ह उघडून हेड पुसायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस घेऊन, अगदी अलगद. वरचा भाग नाजूक असतो, तो बोटानं उचललात तर वाकला म्हणून समजा.

दुसरं, फ्लॉपी कुठली ते बघा. मिराजला एका कोपऱ्यात एकच भोक असलेली डबल डेन्सिटी फ्लॉपी लागते. नंतर बाजारात आल्या त्या दोन भोकांच्या, हाय डेन्सिटी. भोकावर चिकटपट्टी लावून काम भागवतात. भागतंही, पण त्यांचा चुंबकीय लेप वेगळा असतो, त्यामुळं चार महिन्यांनी पुन्हा रिकामी. माझ्याकडं आलेल्या मिराजमध्ये मी सरळ गोटेक बसवतो. ड्राइव्हच्याच मापाचा डबा, फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह घेतो. त्यात ‘फ्लॅशफ्लॉपी’ हे फर्मवेअर (डब्याच्या आतला प्रोग्रॅम) घालावं लागतं, नाहीतर जुन्या सिंथेसायझरशी त्याचं पटत नाही. मूळ ड्राइव्ह मात्र कपड्यात गुंडाळून जपून ठेवा. उद्या कुणी अस्सल मागितला तर?

मिराज टाकून द्यायच्या लायकीचा नाही, बरं का. ८ बिटांचा, जेमतेम १२८ किलोबाइट आवाजाचा, पण त्यातली आवाजाची चिप केली रॉबर्ट यानेसनं. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची प्रसिद्ध ‘सिड’ चिपही त्याचीच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. शाळेच्या अडगळीतून बीबीसी मायक्रो संगणक घरी आणला, कारण यावर मुलांना मी स्वतः शिकवलं होतं. लावला, दहा मिनिटं छान चालला, मग फट्कन आवाज, धूर आणि घरभर घाण वास. मंडळी अजून बोलत नाहीत. संपला का? (चिकोडी)

सर, बहुतेक नाही. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ हा प्रकल्प काढला, तेव्हा हेच संगणक आले होते. आजवर माझ्याकडं असे तीन आले, तिघांनीही हाच धूर काढला होता.

पॉवर सप्लायमध्ये, वीज आत येते तिथंच, पिवळसर पारदर्शक ठोकळ्यासारखे एक-दोन कपॅसिटर असतात. आत कागद, वर प्लास्टिक. वर्षानुवर्षांत त्या प्लास्टिकला केसासारख्या चिरा जातात, चिरांतून दमट हवा आत शिरते, आणि २३० व्होल्ट मिळाले की कागद तापून फुटतो. त्यांचं काम विजेतला खरखराट गाळण्याचं, त्यामुळं ते फुटले तरी पुष्कळदा संगणक मागं ‘बीप’ करून चालूच राहतो. बदलताना ‘एक्स टू’ असं छापलेलाच, किमान २७५ व्होल्ट एसीचा फिल्म कपॅसिटर घाला. एक ०.१ मायक्रोफॅरडचा, दुसरा ०.०१चा. साधा कपॅसिटर तिथं चालत नाही, पेटतो. हे तुम्ही स्वतः करू नका, सर. त्या डब्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३२० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो. कुणा जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि वहिनींना सांगा, पुन्हा वास येणार नाही.

जाता जाता, तुमचा संगणक आणि वरचे दोन सिंथेसायझर एकाच घराण्याचे आहेत. मोटोरोलाचा ६८०० हा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेली चिप, हा मूळ पुरुष. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी ६५०२ केला, तो तुमच्या बीबीसीत. मिराजमध्ये मोटोरोलाचाच ६८०९. डीएक्स सेव्हनमध्ये हिताचीचा ६३०३, तोही त्याच गादीचा. ऑस्ट्रेलियातला तो लाखमोलाचा फेअरलाइट सिंथेसायझर १९७९ साली निघाला, त्यात तर दोन ६८०० जोडीनं बसवले होते. मी एकावर हात बसवला आणि बाकीच्यांची गायकी ओळखीची वाटायला लागली, ती अशी.

प्रश्न : मी पेटी वाजवतो. पेटीचे सूर वर्षा-दोन वर्षांनी उतरतात. चाळीस वर्षांचा डिजिटल कीबोर्ड बेसूर झालेला असणारच ना? आणि त्यात श्रुती लावता येतात का? (शहापूर, बेळगाव)

पहिल्याचं उत्तर, नाही. पेटीत पितळेची पट्टी हलते. डिजिटल सिंथेसायझरमध्ये सूर ठरतो क्वार्ट्झच्या स्फटिकावर आणि त्याच्या ठोक्यांवरून केलेल्या हिशेबावर. तो स्फटिक चाळीस वर्षांत इतका थोडा सरकतो की तुमच्या कानालाही कळायचं नाही. कीबोर्ड बेसूर वाटला तर आधी ‘मास्टर ट्यून’ची दांडी कुठं आहे ते बघा, बहुतेक पुसताना हललेली असते. आणि पिच व्हील मधोमध येऊन थांबतंय का तेही बघा.

दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पहिल्या डीएक्स सेव्हनमध्ये बारा सूर समान अंतरावर ठोकून बसवलेले आहेत, तिथला गंधार हलत नाही. त्याच्यानंतरच्या डीएक्स सेव्हन टूमध्ये मात्र ‘मायक्रो ट्यूनिंग’ आहे, त्यात एकेका पट्टीचा सूर वेगळा लावता येतो. मी एकदा एका गवयासाठी भूपाचे पाच सूर लावून दिले होते. ते खूश झाले. मग म्हणाले, ‘आता पांढरी चारमध्ये द्या.’ सगळं पुन्हा पहिल्यापासून. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकलेल्या गावात राहून या डब्याकडून श्रुतींची अपेक्षा करू नये, असं माझं आपलं मत.

प्रश्न : भजनी मंडळाच्या कॅसिओच्या सात-आठ पट्ट्या मुक्या झाल्यात. पेन्सिल घासली की चालतात असं ऐकलं. (गोकाक)

चालतात, आठवडाभर. मग शिशाची पूड बोर्डावर पसरते आणि एक पट्टी दाबली की दोन बोलतात. पट्ट्यांखाली रबराची लांब पट्टी असते, तिच्यावर काळे ठिपके. रबर उलटं करून ठिपके आणि बोर्डावरचे काळे भाग, दोन्ही आयसोप्रोपिलनं पुसा, कापसाचा बोळा काळा यायचा थांबेपर्यंत. पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. बसवताना रबराची शेपटं भोकातून पूर्ण खाली ओढा. नव्वद टक्के लोक तिथं घाई करतात. आत झुरळं सापडली तर मला फोटो पाठवू नका.

प्रश्न : भावानं जपानहून रोलँड डी ५० सिंथेसायझर आणला. प्लग बसेना म्हणून ॲडॉप्टर लावून चालवला, एकदा उजेड आला आणि बंद. (अथणी)

ॲडॉप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. जपानी घरात १०० व्होल्ट असतात, तुम्ही २३० दिले. वाइंडिंगवाल्याकडून २३०चे १०० करणारा, शंभर व्हीएचा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या. ११०चा नको. आधी फ्यूज बघा. फ्यूज उडालेला असेल तर त्याच मापाचा नवा घाला आणि ट्रान्सफॉर्मरवरच लावून बघा. फ्यूज शाबूत असेल आणि तरीही मशीन मेलेलं असेल, तर मग बेळगावला घेऊन या. येताना एसटीच्या टपावर टाकू नका, मांडीवर घ्या.