पिंजऱ्यात वाढलेलं घुबड शिकार विसरतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, न्यूयॉर्कच्या झूमधून सुटलेल्या फ्लाको नावाच्या घुबडाचे व्हिडिओ मुलीने दाखवले. जन्मभर आयतं खाल्लेला पक्षी बाहेर वर्षभर जगला कसा? आणि शेवटी बिल्डिंगला धडकून गेला हे खरं का? एवढं मोठं घुबड आपल्याकडे असतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फ्लाको युरेशियन ईगल आउल होता, जगातल्या सगळ्यात मोठ्या घुबडांपैकी एक जात. पंख पसरले की सहा फुटांच्या आसपास आणि वजन मात्र दोन किलोच्याही आत, कारण तो नर होता, यांच्यात मादीच मोठी, चार किलोपर्यंत भरते. मार्च २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका पक्षी उद्यानात तो अंड्यातून बाहेर आला, त्याच वर्षी सेंट्रल पार्क झूमध्ये आणला आणि २ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री कोणीतरी त्याच्या पिंजऱ्याची जाळी कापली.

झूवाल्यांनाही भीती होती की हा उपाशी मरेल, म्हणून आमिष लावून पकडायचे प्रयत्न झाले, पण थोड्याच दिवसांत तो स्वतः उंदीर पकडून खाताना दिसला आणि मग त्यांनी ते प्रयत्न आवरते घेतले. शिकार त्याला कोणी शिकवली नव्हती, ती त्याच्या अंगातच होती! घुबड शिकार करतंय की नाही हे ओळखायची एक खूण सांगते, झाडाखाली पडलेला करडा गोळा. लहान उंदीर ते अख्खाच गिळतं, मांस पचतं, पण केस आणि हाडं पोटात दाबली जाऊन त्यांचा गोळा तोंडावाटे बाहेर पडतो, तो वाळल्यावर काडीने उकलून बघा, केसांच्या लगद्यात उंदराची इवलीशी कवटी आणि पिवळट दात अगदी शाबूत सापडतात.

आता मृत्यूचं. २३ फेब्रुवारी २०२४ ला तो एका इमारतीच्या आवारात पडलेला सापडला, मार लागलेला होता हे खरं, पण शवविच्छेदनात दोन गोष्टी आणखी निघाल्या, कबुतरं खाऊन झालेला हर्पीस विषाणूचा भयंकर संसर्ग आणि शरीरात उंदीर मारायची चार वेगवेगळी विषं. वजन १.८९ किलो, म्हणजे झूमध्ये शेवटचं केलं तेव्हाच्या १.९३ किलोपेक्षा किंचितच कमी, पोटाला तो काही कमी पडला नव्हता. ज्या उंदरांवर तो जगला त्यांच्यातच विष होतं, मला या सगळ्यात हेच फार लागतं.

आपल्याकडचं शृंगी घुबड त्याचंच जवळचं नातेवाईक, आधी तर दोघांना एकच जात धरायचे. आकाराने लहान, पण तसेच नारिंगी डोळे, डोक्यावर तशीच पिसांची शिंगं (ते कान नाहीत हं, कान बाजूला पिसांखाली असतात). खडकाळ माळ, दगडखाणी, ओढ्याकाठच्या दरडी ही त्याची जागा आणि शेतातले उंदीर हे मुख्य खाणं. पुण्याच्या इला फाउंडेशनने यावर पुष्कळ काम केलंय, पुरंदरमधल्या पिंगोरीत त्यांनी घुबडांचा उत्सवही भरवलाय.

प्रश्न : आमच्या सोसायटीत उंदरांसाठी औषधाच्या वड्या ठेवतात आणि गच्चीवर रात्री घुबडं येतात. धोका आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आहे. या वड्यांमध्ये बहुतेक वेळा रक्त गोठू न देणारं विष असतं, त्याने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि असाच उंदीर घुबडाला सगळ्यात सोपा मिळतो, मग ते विष त्याच्या यकृतात साठत जातं. कमिटीला सांगून आधी कचऱ्याचे डबे झाकणाचे करा, पाइपाशेजारची भोकं सिमेंटने बुजवा, पिंजरे लावा आणि मेलेला उंदीर उघड्यावर न टाकता पुरा. न्यूयॉर्कनेसुद्धा फ्लाकोच्या नावाने २०२४ मध्ये कायदा केला, उंदरांना विषाऐवजी गर्भनिरोधक देऊन बघायचा.

घुबड जमिनीवर मलूल बसलेलं दिसलं तर पाणी पाजू नका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. उचलताना जाड टॉवेल टाकून उचला, त्याच्या नख्या फार लागतात.