लाभार्थी निम्मेच दिसतात म्हणून भारांकांना हात लावू नका

तुमची पोस्ट वाचली आणि काही वर्षांपूर्वीची मीच समोर दिसले. तुमचं मॉडेल सर्वेक्षणातल्या घरांना कर आणि भत्त्यांचे नियम लावून बघतं. त्यात वृद्धांच्या पूरक भत्त्याचे लाभार्थी विभागाच्या आकड्याच्या निम्मेच येतात, म्हणून तुम्ही वृद्धांचे भारांक (सर्वेक्षणातली एक नोंद लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायची तो आकडा) वाढवून आकडा जुळवायला निघालात. कृपा करून नका करू. मी केलं होतं. आकडा जुळला, पण वृद्धांची एकूण संख्याच फुगली. त्यांच्याबरोबर एका घरात राहणारी मुलं-सुनाही वाढली आणि आधी बरोबर येणारी प्राप्तिकराची वसुली बिघडली. हे लक्षात आलं तेव्हा अहवाल पुढे गेला होता. तीन महिन्यांचं काम पुन्हा केलं.

मुळात, पात्र असूनही अर्ज न करणारे लोक असतातच. मॉडेल नियमात बसणाऱ्या प्रत्येकाला भत्ता देऊन मोकळं होतं, म्हणजे त्याचा आकडा जास्त यायला हवा. कमी येत असेल तर माझा पहिला संशय नियम कोडमध्ये उतरवण्यावर. (विभागाचा आकडा एका महिन्याचा आहे की वर्षभरातल्या सगळ्यांचा, तेवढं आधी बघा.)

शेवटी मी एकच नोंद उघडून हाताने हिशेब केला. ७४ वर्षांच्या आजी, स्वतःची मिळकत जवळपास शून्य, मुलाकडे राहणाऱ्या, भारांक १,८००. मॉडेलने मुलाचा पगार आजींच्या उत्पन्नात धरला आणि त्या मर्यादेबाहेर गेल्या. या एका नोंदीपायी १,८०० जणी गायब! सर्वेक्षणातलं कुटुंब म्हणजे एका घरात राहणारे सगळे. भत्त्यासाठी मात्र फक्त अर्जदार आणि जोडीदार.

हेच मी संबंधित कार्यालयाला तीनदा लेखी विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच: ‘कुटुंबाची व्याख्या नियमानुसार.’ अहो, तोच नियम तर विचारतेय! नाव घेत नाही, पण ज्यांच्या भत्त्याचा हा प्रश्न होता त्यांचा विचार केला की अजून संताप होतो. उत्तर सापडलं कोऱ्या अर्जात. उत्पन्नाचे रकाने दोनच: अर्जदार, जोडीदार. तेव्हापासून मी कायद्याआधी अर्जाचा नमुना मागवते.

युरोमॉड या युरोपीय देशांच्या कर-भत्ता मॉडेलमध्ये, आणि त्याच सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या, विकसनशील देशांसाठीच्या साऊथमॉडच्या मॉडेलांतही, कुणाकुणाचं उत्पन्न एकत्र धरायचं हे प्रत्येक धोरणासाठी वेगळं ठरवता येतं. तुम्ही स्वतःचा कोड लिहिला असेल तर ती सोय आधी करून घ्या.

जाता जाता: दारिद्र्यरेषा मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्के धरत असाल, तर भत्त्यात बदल करण्याआधीची रेषा कायम ठेवूनही मॉडेल एकदा चालवा. भत्ता वाढला की मध्यकही सरकू शकतो आणि परिणाम नेमका किती ते कळेनासं होतं.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे कारण वेगळंही निघू शकेल. मुलांकडे राहणारे आणि एकटे राहणारे असे दोन गट करून लाभार्थी मोजा. तूट पहिल्या गटातच असेल तर उत्पन्न जोडण्याची ओळ इथे टाका, मी बघते.